येना: भिंगांचें गांव व तेथील नवे उद्योगी

जर्मनीचें नांव निघालें कीं आपल्या घरांतून दोन तऱ्हांचें बोलणें ऐकूं येतें. वडीलधारी मंडळी मॅक्समुल्लर व वेदांच्या छापील आवृत्त्या यांची आठवण काढितात, तर मुलें मोटारींचीं नांवें घेतात. येना या गांवाचें नांव दोघांपैकीं कोणाच्याच तोंडीं सहसा येत नाहीं. तथापि शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्या सूक्ष्मदर्शक यंत्रास डोळा लावून मुलें कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी पाहतात, त्या यंत्रास आजचें रूप देण्याचें श्रेय ज्या गांवास बहुतांशीं द्यावें लागेल, तें हेंच गांव होय. वस्ती सुमारें एक लाख दहा हजार, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या आसपास. आणि साताऱ्याप्रमाणेंच भोंवतीं डोंगर. एवढ्याशा गांवांत नव्या विद्येच्या आधारावर उभारलेल्या लहानलहान कंपन्या इतक्या दाटीनें कशा नांदतात, हें पाहण्याचा योग मला गेल्या वर्षीं आला. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

योग आला तो घरगुती कारणानें. माझा पुतण्या पुण्यास पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन येन्याच्या विद्यापीठांत प्रकाशविद्येचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करण्यास गेला, व पुढें तेथल्याच एका लेसर बनविणाऱ्या कारखान्यांत कायमच्या नोकरीस लागला. हा अभ्यासक्रम इंग्रजींतून चालतो आणि सरकारी विद्यापीठ असल्यामुळें शिकवणीची फी पडत नाहीं. म्हणून आपल्याकडील मुलें तेथें बरींच दिसतात. गणेशचतुर्थीस वीस-पंचवीस मराठी पानें सहज होतात, असें सूनबाई सांगत होती. नोकरी उत्तम, पगार वेळेवर, सुटी भरपूर. असें असतां एके दिवशीं त्यानें घरीं कळविलें कीं, ही नोकरी सोडून तिघां सोबत्यांसह स्वतःचा उद्योग काढावयाचा आहे. वाईच्या घराच्या कर्जाचा हप्ता आणि आमच्या दादांच्या औषधपाण्याचा खर्च त्याच्या पगारावर चालतो, हें सर्वांस ठाऊक. घरांत जें व्हावयाचें तें झालें. शेवटीं वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शाळेंत इतकीं पोरें पारखलींत. एकदां जाऊन डोळ्यांनीं पाहून या. मग तुम्ही म्हणाल तसें.”

फ्रांकफुर्टहून आगगाडीनें दोन-अडीच तासांत एरफुर्ट येतें आणि तेथून अर्ध्या तासांत येना. गांवांत दुसरें एक स्थानक आहे, त्याचें नांव ‘पॅराडीस’, म्हणजे नंदनवन. नदीकांठच्या जुन्या बागेवरून तें पडलें आहे. साठी उलटलेल्या माणसानें त्या स्थानकाचें तिकीट मागतांना जरा जपून बोलावें, असें मी पुतण्यास म्हणालों. नदी लहानशीच. दोहों बाजूंस चुनखडीचे पांढुरके डोंगर, माथ्यावर उघडे व पायथ्याशीं झाडींनीं भरलेले. मधल्या खोलगट जागेंत गांव बसलेलें असल्यामुळें कोठूनहि पाहिलें तरी एक गोल मनोरा डोळ्यांत भरतो. तो १९७२ सालीं, साम्यवादी राजवटींत, झाइस कारखान्याच्या संशोधकांकरितां म्हणून जुनी पेठ पाडून बांधला. उंची १४४ मीटरांहून अधिक. बांधून झाल्यावर त्या कामास तो सोईचा नाहीं असें दिसून आलें व विद्यापीठाच्या गळ्यांत पडला. गांवकरी त्यास बिस्किटांचा पुडा म्हणतात. मला विचाराल तर तो दिसतोहि तसाच.

उद्योगांकडे वळण्यापूर्वीं एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून मजसारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास पुढें जाववत नाहीं. पाणिनीच्या अष्टाध्यायीची आवृत्ति काढणारा व रोट याच्यासह सात खंडांचा प्रचंड ‘पीटर्सबर्ग कोश’ रचणारा ओटो ब्योटलिंक हा पंडित १८६८ पासून १८८५ पर्यंत येन्यांत राहत होता. त्या कोशाचे शेवटचे भाग त्यानें येथें पुरे केले, आणि साडेसात हजारांहून अधिक सुभाषितांच्या संग्रहाची दुसरी आवृत्तिहि याच काळांत निघाली. त्याच गांवीं डेल्ब्रुक हा वैदिक वाक्यरचनेवर ग्रंथ लिहीत होता. तो १८८८ सालीं प्रसिद्ध झाला. कापेलर यानें आपला सुटसुटीत संस्कृत कोश १८८७ सालीं छापिला. आपल्या आपट्यांचा कोश १८९० चा. म्हणजे ज्या वर्षांत या गांवच्या एका गल्लींत सूक्ष्मदर्शकाचें भिंग घोटलें जात होतें, त्याच वर्षांत दुसऱ्या गल्लींत धातूंचीं रूपें घोटलीं जात होतीं. विद्यापीठ १५५८ चें. दोन्ही कामें त्याच्याच सावलींत चाललीं. गांवांत आज या पंडितांविषयीं विचारलें तर कोणास कांहीं सांगतां येत नाहीं. झाइसविषयीं मात्र बसचा चालकहि दहा वाक्यें बोलतो. असो.

हा कार्ल झाइस वायमार येथील एका खरादकाराचा मुलगा. १८४६ च्या नोव्हेंबरांत, तिसाव्या वर्षीं, त्यानें येन्यांत नॉयगासं नांवाच्या गल्लींत यंत्रदुरुस्तीचें लहानसें दुकान मांडलें. त्याकरितां त्यानें आपल्या भावाकडून शंभर थालर उसने घेतले, आणि ते पुढें बापानें फेडले. आपल्या एकत्र कुटुंबांतून असे व्यवहार घडत आले आहेत, म्हणून ही गोष्ट ऐकतांना मला परकी वाटली नाहीं. विद्यापीठांतील श्लायडेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यास सूक्ष्मदर्शक बनविण्याच्या नादास लाविलें. माल मनाजोगा न उतरल्यास झाइस तो स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्यानें फोडी, अशी आख्यायिका आहे.

परंतु वीस वर्षें झालीं तरी भिंगें बनविण्याची रीति अंदाजाचीच होती. कारागिरानें भिंग घोटावें, लावून पाहावें, न साधल्यास पुन्हां घोटावें. हें गणितानें कां साधूं नये, असें मनांत येऊन झाइसनें १८६६ सालीं विद्यापीठांतील एका सव्वीस वर्षांच्या अध्यापकास हाताशीं धरलें. तोच एर्न्स्ट आबे. कित्येक वर्षें खटपट करून आबेनें १८७३ सालीं जो सिद्धांत मांडिला, त्याचा मथितार्थ असा: भिंग कितीहि उत्तम असो, प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक भेद त्यांतून दिसणार नाहीं, म्हणजे मिलिमीटराच्या सुमारें पांचहजाराव्या भागाशीं डोळ्याची धांव खुंटली. मर्यादा कोठें आहे हें एकदां कळल्यावर त्या मर्यादेपर्यंत कसें पोंचावें, हेंहि कळलें. तें सूत्र विद्यापीठाजवळ एका दगडी स्मारकावर कोरलेलें आहे. ही मर्यादा युक्तीनें ओलांडणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. योग्य जातीची कांच मिळेना, तेव्हां ओटो शोट नांवाच्या तरुण रसायनज्ञास बोलावून १८८४ सालीं कांचेची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. कारागीर, गणिती आणि रसायनज्ञ हे तिघे एकत्र आले, ही या गांवची मूळ पुंजी.

आबेचा बाप आयझेनाख येथील सूतगिरणींत दिवसाला चौदा ते सोळा तास उभ्यानें काम करी, आणि लहानगा एर्न्स्ट त्याचा जेवणाचा डबा घेऊन जाई. पुढें कारखान्याचा भागीदार होऊन अमाप धनी झाल्यावर त्यानें जें केलें, त्यास जोड मला फारशी आठवत नाहीं. झाइसच्या मृत्यूनंतर १८८९ सालीं त्यानें झाइसच्या नांवानें एक विश्वस्तनिधि स्थापिला आणि दोन वर्षांनीं स्वतःची मालकी त्यास देऊन टाकली. तेव्हांपासून त्या कारखान्यास मालक म्हणून कोणी मनुष्य नाहीं. नफ्यांतून कामगारांस निवृत्तिवेतन, भरपगारी सुटी. कोणाहि अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी वेतनाच्या दसपटीहून अधिक असूं नये असा निर्बंध. १९०० सालापासून दिवसाचे आठच तास काम. आणि उरलेल्यांतून विद्यापीठास देणग्या. १९०३ सालीं त्यानें उभारलेल्या लोकगृहांत कामगार व प्राध्यापक एकाच वाचनालयांत बसत. ही सर्व हकीकत आतांच्या गोष्टीशीं असंबद्ध नाहीं. नवा उद्योग काढणाऱ्या तरुणास आज येन्यांत जीं यंत्रें, जी विद्या व जीं माणसें शेजारीं सांपडतात, त्यांचें मूळ त्या दानांत आहे.

पुढचें शतक मात्र कठीण गेलें. १९४५ च्या एप्रिलांत अमेरिकन सैन्य आलें. जुलैच्या सुमारास गांव रशियनांच्या हवालीं करून जातांना झाइसचे निवडक ऐंशीच्या आसपास तज्ज्ञ तें बरोबर घेऊन गेलें. १९४६ सालीं रशियनांनीं उरलेलीं यंत्रें उचकटून नेलीं व कित्येक शेंकडे तज्ज्ञांस त्यांच्या मागोमाग पाठविलें. पश्चिमेस ओबरकोखेन येथें दुसरें झाइस उभें राहिलें आणि एका नांवाच्या दोन कारखान्यांत नांवावरूनच दावे लागले. येन्यांतील सरकारी कारखाना पुढें एवढा वाढला कीं गांव म्हणजे कारखाना असें झालें. १९९० सालीं दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि जुन्या गिऱ्हाइकांसह तें सर्व कोसळलें. १९९१ सालीं कांहीं भाग पश्चिमेकडील झाइसनें घेतला. उरलेल्याची ‘येनॉप्टिक’ नांवाची कंपनी करून ती लोथार श्पेट या पश्चिमेकडील माजी मुख्यमंत्र्यांच्या हातीं दिली. हजारों कुटुंबांची मिळकत थोड्याच महिन्यांत गेली. जेथें मुख्य कारखाना होता तेथें आतां विद्यापीठाचें आवार आणि ‘गोएठे गॅलरी’ नांवाचा कांचेच्या छपराखालचा बाजार आहे.

पुतण्याच्या घराखालींच एक ऐंशीच्या घरांतले गृहस्थ राहतात. झाइसमध्यें ते तीस वर्षें भिंगें घोटीत होते. एके दिवशीं सायंकाळीं त्यांनीं आम्हांस बोलावलें. थुरिंगियाचे बटाट्याचे मोठे गोळे, पोटांत भाजलेल्या पावाचे तुकडे घातलेले, हें तिकडचें पक्वान्न. मजकरितां त्यांनीं मांसाचा रस वेगळा ठेवून वितळलेलें लोणी वाढलें. पुतण्या दुभाष्याचें काम करीत होता. १९९१ सालीं त्यांचें वय सत्तेचाळीस. कारखान्यानें मोडीत काढलेलीं घोटाईचीं दोन यंत्रें त्यांनीं तिघां सोबत्यांसह विकत घेतलीं व मोटार ठेवण्याच्या पडवींत मांडलीं. दोन वर्षें कामच नव्हतें. बायको रुग्णालयांत चाकरीस होती म्हणून चूल पेटली. तिसऱ्या वर्षीं एका वैद्यकीय उपकरणें बनविणाऱ्याची मागणी आली. पुढें सात माणसें झालीं, आणि निवृत्त होतांना तो उद्योग त्यांनीं एका तरुण सोबत्यास विकला. आतां ज्यांस स्टार्टअप काढणारे म्हणून गौरवितात, तसें आम्हांस कोणी म्हटलें नाहीं, असें ते हंसत म्हणाले. रोजगार-कचेरीच्या वहींत आमचें नांव बेकारांत होतें. अशीं कित्येक घरें त्या गांवांत आहेत. येन्याच्या नव्या उद्योगांचा आरंभ हौसेंत नसून निरुपायांत आहे, हें मला त्या सायंकाळीं जितकें कळलें तितकें पुढें कोणत्याहि कचेरींतील माहितीपत्रकानें कळलें नाहीं.

हा ‘स्टार्टअप’ शब्द आपल्याकडेहि आतां रोजच्या बोलण्यांतला झाला आहे. त्यास प्रतिशब्द शोधूं लागल्यास आपल्या स्मृतिकारांनीं तो केव्हांच करून ठेविला आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत ‘संभूयसमुत्थान’ हें एक पद आहे. अनेकांनीं एकत्र येऊन उद्योग उभारणें, असा त्याचा अर्थ. ज्याचें जेवढें भांडवल त्या मानानें, किंवा आरंभीं जसें ठरलें असेल तसा, लाभ व हानि वांटून घ्यावी, असा त्यांत निर्णय आहे. समुत्थान म्हणजे उठून उभें राहणें. इंग्रजी शब्द तरी दुसरें काय सांगतो? पुतण्याच्या सोबत्यांस मीं हें सांगितलें, तेव्हां त्यांतील बाई, ज्या पदार्थविज्ञानांत विद्यावाचस्पति आहेत, त्यांनीं तो शब्द कागदावर लिहून घेतला आणि तीनदां म्हणून पाहिला. उच्चार आमच्या आठवींतल्या मुलांहून बरा होता.

अशा समुत्थानाचें चढतें व पडतें दोन्ही टोक येन्यानें पाहिलें आहे. १९९२ सालीं स्टेफान शांबाख व त्याचे दोन सोबती यांनीं एक लहानशी संगणक-कंपनी काढली. इंटरनेटवर दुकान मांडावयाचें तर प्रत्येक दुकानदारानें तें मुळापासून कां रचावें, तयार सांचा विकत कां मिळूं नये, ही त्यांची कल्पना. तिचें नांव पुढें ‘इंटरशॉप’ झालें. १९९८ सालीं तिचे भाग फ्रांकफुर्टच्या ‘नव्या बाजारांत’ विक्रीस आले, भाव गगनास भिडला, आणि तो गोल मनोरा इंटरशॉपचा मनोरा म्हणून ओळखला जाऊं लागला. ज्या गांवांत सात-आठ वर्षांपूर्वीं लोक बेकारीच्या रांगेंत उभे होते, तेथें शिपायांनींहि भाग घेतले. मग २००१ च्या जानेवारींत, अपेक्षेइतकी विक्री झाली नाहीं असें कंपनीनें जाहीर करितांच, एका दिवसांत भागांची किंमत निम्म्याहूनहि पुष्कळ खालीं आली. तो ‘नवा बाजार’ २००३ सालीं बंदच झाला. इंटरशॉप मोडली नाहीं, लहान होऊन जगली. पण जे बाहेर पडले त्यांनीं तें कसब बरोबर नेलें. स्वतः शांबाखनें २००४ सालीं अमेरिकेंत ‘डिमांडवेअर’ नांवाची कंपनी काढिली. तिच्या कामाचा कांहीं भाग येन्यांत चाले. ती २०१६ सालीं ‘सेल्सफोर्स’नें सुमारें दोन अब्ज ऐंशीं कोटी डॉलरांस घेतली. इंटरनेटवरील दुकानांचे सांचे बनविणाऱ्या ज्या कंपन्या आज गांवांत आहेत, त्यांतील पुष्कळांची वंशावळ त्या एका कंपनीशीं जाऊन भिडते. मोठा वृक्ष पडला तर त्याखालीं रोपें उठतात, हें या गांवांत दोनदां घडलें.

बॉयटेनबर्ग नांवाची टेंकडी नैर्ऋत्येस आहे. तीवर १९९० नंतर उभारलेल्या संस्था एकमेकींस लागून आहेत: प्रकाशयंत्रांची फ्राउनहोफर संस्था १९९२ ची, मॅक्स प्लांकच्या नांवाच्या दोन, एक १९९६ ची व दुसरी १९९७ ची, शिवाय लायबनिट्सच्या नांवाच्या. यांच्या दारांतच नव्या कंपन्यांस भाड्यानें खोल्या देणाऱ्या इमारती आहेत. वाचकांपैकीं कोणास वाटेल कीं खोली आणि एक संगणक असला कीं झालें. दुकानांच्या सांच्यांस तें पुरतें. भिंगांस पुरत नाहीं. पुतण्या जें यंत्र करूं पाहतो तें घोटलेल्या कांचेच्या पृष्ठभागावरील डोळ्यास न दिसणारे चरे लेसरनें शोधणारें आहे. त्यास धूळविरहित खोली लागते, कंप न पावणारें मेज लागतें, मोजमापाचीं अशीं यंत्रें लागतात कीं त्यांतील एकाच्या किमतींत आमच्या वाईंतली एक आळी येईल. हीं यंत्रें संस्था तासाच्या भाड्यानें वापरूं देतात. विद्यापीठाची ‘प्रकाश-कार्यशाळा’ तर कोणाहि होतकरू मनुष्यास उघडी आहे. तेथें एक शाळकरी मुलगी स्वतःच्या चष्म्याची कांडी यंत्रावर छापून घेत होती. २०२० सालीं जर्मन राष्ट्रपतींचें ‘भविष्य पारितोषिक’ ज्या कामास मिळालें, तें म्हणजे साडेतेरा नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशानें संगणकाच्या चकत्यांवर रेषा काढणें. त्यांत झाइस व ट्रुम्फ यांच्या जोडीस या टेंकडीवरची फ्राउनहोफर संस्थाहि होती. आबेनें जी लहरीच्या लांबीची भिंत दाखविली, तिच्याशीं झगडतां झगडतां मनुष्य येथवर आला.

आतां द्रव्याची बाजू; घरीं मला मुख्यतः हीच विचारली जाणार होती. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्यांस मध्यवर्ती सरकारची ‘एक्झिस्ट’ नांवाची वृत्ति आहे. कल्पना पसंत पडल्यास वर्षभर पोटापाण्यास देतात व ती परत मागत नाहींत. पुतण्या नोकरींत जुना झाल्यामुळें ती त्यास नव्हती, पण त्या बाईंस मिळाली. पुढें कंपनी नोंदवावयाची तर पंचवीस हजार युरो भागभांडवल दाखवावें लागतें. त्यांतील निम्मे, साडेबारा हजार, नोंदणीपूर्वीं भरले तरी चालतें. एका युरोवरहि कंपनी काढतां येईल असा प्रकार २००८ पासून आहे, परंतु गिऱ्हाइकें तिच्याकडे जरा संशयानें पाहतात. त्यानंतर भांडवल देणारे: एरफुर्ट येथील थुरिंगिया प्रांताचा निधि, बॉन येथील २००५ सालचा उच्च-तंत्र निधि. हे कर्ज देत नाहींत, भागीदार होतात. बुडालें तर त्यांचेंहि बुडतें, तरलें तर मोठा वांटा नेतात.

चौघांत साडेबारा हजार म्हणजे प्रत्येकीं तीन-साडेतीन लाख रुपये. तेवढे पुतण्याजवळ होते. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न दोन वर्षें पगार येणार नाहीं, किंवा निम्माशिम्मा येईल, हा होता. मी त्यास सरळ विचारलें, “बुडालास तर?” त्यानें उत्तर दिलें तें मला आवडलें, कारण त्यांत फुशारकी नव्हती. तो म्हणाला, “काका, बुडतांना कसें बुडावें, हें इथें कायद्यानें लिहून ठेवलंय.” देणीं भागविणें अशक्य झालें कीं व्यवस्थापकानें फार तर तीन आठवड्यांत कोर्टास कळविलें पाहिजे, लपवील तो गुन्हेगार. भागीदारांचें घरदार कंपनीच्या कर्जांत सहसा जात नाहीं. आणि ज्याचें स्वतःचें दिवाळें निघालें त्याची, २०२० च्या सुधारणेनंतर, साधारणतः तीन वर्षांत उरलेल्या कर्जांतून सुटका होते. आमच्या पणजोबांच्या जामीनकीची गोष्ट अजून घरांत निघते, त्यास शंभराहून अधिक वर्षें झालीं. ज्या समाजांत अपयशाची मुदत तीन वर्षें आहे तेथें माणूस जें धाडस करील, तें जेथें ती तीन पिढ्या आहे तेथें करणार नाहीं. यांत कोणाच्या रक्तांतला गुण कमीजास्त नाहीं.

आपल्याकडे असें धाडस झालेंच नाहीं असें मात्र नव्हे. तळेगांवचा कांच-कारखाना १९०८ सालीं निघाला, तो अंताजीपंत काळे यांच्या पैसाफंडांतून. लोकांनीं पै-पैसा घातला आणि परत मागितला नाहीं. कऱ्हाडजवळ ओगल्यांनीं वाडी वसवून प्रभाकर कंदील घरोघर पोंचविला. कांच तीच, भट्टी तीच. मात्र पाठीशीं आबेसारखा गणिती आणि त्याच्या पाठीशीं विद्यापीठ, ही जोड आपल्या कारखान्यांस लाभली नाहीं.

एक बाब मनास टोंचली, ती लिहिलीच पाहिजे. २०२४ च्या सप्टेंबरांत थुरिंगियाच्या विधानसभेची निवडणूक झाली. परकीयांच्या आगमनास विरोध करणाऱ्या पक्षास तींत सर्वांहून अधिक, जवळजवळ एक-तृतीयांश मतें मिळालीं. येना गांव विद्यार्थ्यांचें, तेथील कल निराळा आहे. तरी सूनबाई आडवळणाच्या गांवाहून रात्रीच्या गाडीनें एकटी यावयाचें टाळते. ज्या प्रांतांत म्हातारे वाढत आहेत, तरुण कमी होत आहेत आणि कारखान्यांस माणसें हवीं आहेत, तेथें हा विरोधाभास आहे, हें तेथील उद्योगीच मोठ्यानें बोलून दाखवितात. पुतण्यास कायम निवासाचा परवाना आधींच मिळालेला होता. तो नसता तर नोकरी सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण पूर्वीचा परवाना नोकरीशीं बांधलेला असतो.

हें सर्व पाहून एका रविवारीं मीं वाईस फोन केला. दादा, वहिनी, पुण्याचा धाकटा पुतण्या व त्याची बायको, सर्वांस एकत्र बसविलें आणि जें पाहिलें तें आंकड्यांसह सांगितलें. झाइसच्या भावाचे शंभर थालरहि सांगितले. धाकटा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चोवीस महिन्यांचा हप्ता मी भरतों. पंचविसाव्याचं दादाला विचारा.” वहिनींनीं औषधांचा खर्च दादांच्या पेन्शनींतून भागवावयाचें ठरविलें आणि मला विचारलें, “भाऊजी, त्या बाई जेवायला चांगलं करतात का हो? म्हणजे आपला उपाशी नाही ना राहायचा?” त्या बाई भागीदार आहेत, स्वैंपाकीण नव्हेत, हें मला समजावून सांगावें लागलें.

भागीदारीच्या लेखावर सह्या होतांना चौघांच्या परवानगीनें मला बसूं दिलें. जर्मन नोटरीस संपूर्ण लेख पक्षकारांपुढें मोठ्यानें वाचावा लागतो, तसा कायदाच आहे. ते गृहस्थ एका सुरांत, पानामागून पान, एखाद्या पुराणिकाप्रमाणें वाचीत होते. फरक इतकाच कीं येथें श्रोत्यांपैकीं कोणी पेंगत नव्हता, आणि तिसऱ्या पानावर पुतण्यानें त्यांस थांबवून एक तारीख दुरुस्त करविली. तास लोटला. सह्या झाल्या. नोंदणी होऊन आली ती मी परतल्यानंतर. कंपनीस आतां एक खोली, दोन मेजें आणि एक गिऱ्हाईक आहे. पहिलें यंत्र मार्चअखेर द्यावयाचें ठरलें आहे. त्यांतील एक भिंग अद्याप आलेलें नाहीं, आणि तें घोटून देण्याचें खालच्या मजल्यावरील गृहस्थांनीं, वय झालें असतांहि, आपल्याकडे घेतलें आहे.